गच्चीला कुलूप

सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज आला तेव्हा मी लॅबमधून परत येत होते. सिग्नलला स्कूटर थांबली म्हणून फोन बघितला. 'सर्व सभासदांना कळविण्यात येते की गच्ची संध्याकाळी सहानंतर बंद राहील. दुर्बीण वापरणाऱ्यांनी विशेष नोंद घ्यावी.' खाली सात-आठ जणांची हात जोडलेली आणि अंगठा दाखवलेली चित्रं. आमच्या बिल्डिंगमध्ये सोळा घरं आहेत आणि दुर्बीण एकाच घरात आहे. 'वापरणाऱ्यांनी' असं अनेकवचन कशाला, नाव घालायचं होतं माझं. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला तेव्हा मी भानावर आले.

घरी आले ती पर्ससकट सरळ वर गेले. गच्चीच्या लोखंडी दाराला नवंकोरं पितळी कुलूप होतं. स्टिकरसुद्धा काढलेलं नव्हतं.

आता ही दुर्बीण कुठून आली ते सांगते, कारण नंतर लोकांनी तिच्याबद्दल काहीच्या काही सांगितलं. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. दिवसभर मान खाली, डोळा मायक्रोस्कोपला. दोन वर्षांपूर्वी मान इतकी दुखायला लागली की रात्री कूस बदलता येईना. डॉक्टरांनी व्यायाम दिले, त्यात रोज संध्याकाळी मान मागे टाकून वर बघायचा एक. घरात तसं बघितलं की पंखा दिसायचा, त्याच्यावरची धूळ दिसायची आणि मी व्यायाम सोडून स्टूल शोधायला लागायचे. म्हणून मी गच्चीवर जायला लागले.

थंडीचे दिवस होते. वर बघायचंच होतं, तर जे दिसत होतं ते काय आहे हे विचारावंसं वाटलं. आणि मग मला राग यायला लागला, तो पहिला राग. मी विज्ञान शाखेची पदवीधर. शाळेत ध्रुवतारा उत्तरेला असतो यावर मला मार्क मिळालेले आहेत. पण तो कुठला, हे मला कुणीही, कधीही बोटाने दाखवलेलं नव्हतं. मुलांना सहलीला नेत, भाऊ गच्चीवर झोपत. मुलींना संध्याकाळी सातच्या आत घरात घेऊन दार लावत. आकाश बघायला रात्रीचं घराबाहेर उभं राहावं लागतं, आणि नेमकं तेच आम्हाला करू दिलं नव्हतं. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी फोनवर नकाशा उघडून ध्रुवतारा शोधला. मला वाटायचं तो डोक्यावर कुठेतरी चमचमत असेल. नाशिकहून तो उत्तरेला बराच खाली दिसतो, आणि फारसा तेजस्वीही नाही. शेजारच्या बिल्डिंगच्या मोबाईल टॉवरच्या थोडा वर होता. पाच मिनिटं मी त्याच्याकडे बघत उभी राहिले आणि खाली कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या.

मग हळूहळू एकेक ओळखीचं झालं. मृगाच्या पोटातले तीन तारे एका ओळीत असतात, ते सापडले की बाकीचं सापडतं. ती ओळ खाली वाढवली की व्याध, वर वाढवली की रोहिणी, आणि आणखी पुढे कृत्तिकांचा तो बारीक झुपका. फोनचा उजेड डोळ्यांवर पडला की पुन्हा वीस मिनिटं काही दिसत नाही, हेही कळलं. मग मी फोनच्या स्क्रीनवर लाल जिलेटिन चिकटवलं. दिवाळीच्या बोनसमधून दुर्बीण घेतली, साधी, दोन डोळ्यांनी बघायची, पक्षी बघणारे वापरतात तसली. पहिल्या दिवशी तिच्यातून सगळे तारे माश्यांसारखे उडताना दिसले, इतके हात हलत होते. कोपरं पाण्याच्या टाकीवर टेकवली आणि सगळं एकदम स्थिर झालं. त्या वर्षी गुरू रोहिणीच्या जवळ होता. त्याच्या दोन्ही बाजूंना सुईच्या टोकाएवढे चार ठिपके, ते त्याचे चंद्र. दुसऱ्या दिवशी बघितलं तर त्यांच्या जागा बदललेल्या.

ही गोष्ट मी डबा खाताना माझ्या मैत्रिणीला सांगितली. आम्ही दोघी कित्येक वर्षं लॅबमध्ये शेजारी शेजारी बसतो. ती दूध बाजारात राहते, माहेर आणि सासर दोन्ही जुन्या नाशकातलं. ती ऐकून घेते आणि मग असा एखादाच प्रश्न विचारते की आपण गप्प होतो. तिने विचारलं, "नवा चंद्र दिसेल त्यातून? रमजानचा?"

म्हटलं, दिसेल की. तेव्हा तिने सांगितलं की तिने तो जन्मात स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेला नाही. त्यांच्या घराच्या पश्चिमेला आधी एक उंच इमारत होती, आता दोन आहेत. चंद्र दिसल्याचं मशिदीच्या भोंग्यावरून कळतं, फटाके वाजतात, सगळे एकमेकांना मुबारक म्हणतात. "ऐकलेला चंद्र आहे माझा," असं म्हणून ती हसली. तिच्या आईचं नाव कृत्तिकांसाठीचा फारसी शब्द आहे, पण आईलाही त्या कधी कुणी दाखवल्या नव्हत्या.

आमची गच्ची चौथ्या मजल्याच्या वर आहे. पश्चिमेला सिडकोकडची घरं, त्यांच्या टाक्या, डावीकडे पांडवलेणीचा डोंगर. सगळं मोकळं. मी तिला बोलावलं.

पहिल्या संध्याकाळी ती लॅबमधून माझ्याबरोबरच आली. आकाश धुरकट होतं, चंद्र दिसला नाही. आम्ही गुरू बघितला, चहा प्यायलो, ती गेली. दुसऱ्या संध्याकाळी परत आली. सूर्य पूर्ण मावळेपर्यंत दुर्बीण डोळ्याला लावायची नाही, हे मी तिला दोनदा बजावलं, कारण सुरुवातीला हाच धोका असतो. मग वाट बघत बसलो. आधी शुक्र दिसला, अगदी ठळक. तिने त्याच्यावर दुर्बीण धरली आणि म्हणाली, "अगं, हा तर चंद्रच आहे, एवढासा." मी बघितलं. खरंच, शुक्र बारीक कोरीसारखा दिसत होता. मला स्वतःलाच माहीत नव्हतं की शुक्रालाही कला असतात. आणि त्याच्या थोडा खाली, तिला दुर्बिणीशिवायच, खरा चंद्र दिसला. नखाने ओरखडा काढावा तेवढा.

तिने ओढणी डोक्यावर घेतली, हात पुढे करून पुटपुटत प्रार्थना केली. अर्धं मिनिट, जास्त नाही. मी बाजूला उभी होते. तिच्या चेहऱ्याकडे बघू नये असं वाटलं, म्हणून मी चंद्राकडे बघत राहिले. त्याच वेळी तिसऱ्या मजल्यावरच्या काकू वाळत घातलेले कपडे काढायला वर आल्या होत्या. मी त्यांना हाक मारून म्हटलं, या, चंद्र बघा. त्यांनी कपडे गोळा केले आणि खाली गेल्या. मला त्यात काही वाटलं नाही.

त्यानंतर दोन दिवसांनी कुलूप लागलं.

मी चेअरमनकडे गेले. निवृत्त गृहस्थ आहेत, सगळ्यांचे काका. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं की समोरच्या बिल्डिंगमधून तक्रार आहे, दुर्बिणीतून खिडक्यांमध्ये बघतात म्हणून. मी विचारलं, कुणाची तक्रार? नाव सांगता येत नाही. लेखी आहे का? तोंडी आहे. मी म्हटलं, काका, समोरच्या बिल्डिंगमध्ये काय चाललंय ते बघायला दुर्बीण कशाला लागते, तुमच्या बाल्कनीतून त्यांच्या टीव्हीवरची मालिका दिसते. ते हसले. "तसं नाही वहिनी, तुम्ही समजून घ्या," एवढंच तीन-चार वेळा म्हणाले. काय समजून घ्यायचं ते सांगितलं नाही.

मी घरी येऊन ताट वाढलं आणि एक घासही खाल्ला नाही. नवरा म्हणाला, रविवारी मीटिंग आहे, तिथे बोलू.

मीटिंग खाली पार्किंगमध्ये झाली, प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून. मी तयारी करून गेले होते. गच्ची सगळ्यांची असते, एकट्या चेअरमनला तिला कुलूप लावता येत नाही, हे मी शांतपणे सांगितलं. दुर्बीण बरोबर नेली होती. म्हटलं, ज्यांना शंका आहे त्यांनी डोळ्याला लावून बघावं. कुणीही हात पुढे केला नाही. मग एकेकाला आठवायला लागलं. टाकीचं झाकण उघडं राहतं. वर कुणी पडलं तर जबाबदार कोण. बाहेरचे लोक येतात. हे शेवटचं एकदा आलं, मग दुसऱ्याने उचललं, मग सगळेच तेच म्हणायला लागले. बाहेरचे लोक. त्याच आठवड्यात एका घरचं बारसं झालं होतं, चाळीस पाहुणे दुपारी गच्चीवर जेवले होते. मी ते बोलून दाखवलं. चेअरमन म्हणाले, "ते वेगळं."

"वेगळं कसं?" मी विचारलं.

आणि माझ्या मागून, खालच्या आवाजात, पण मला ऐकू जाईल एवढ्या, एक वाक्य आलं. "आज चंद्र बघायला आल्या, उद्या नमाज पढायला येतील."

मी वळून बघितलं. मागच्या रांगेत पाच-सहा जण बसले होते, सगळे समोर बघत होते. कुणी हसलं नाही, कुणी अरे असं काय बोलता म्हटलं नाही. रोज लिफ्टमध्ये भेटणारी माणसं. यांच्यापैकी दोघांच्या आयांचे रिपोर्ट मी रात्री उशिरा थांबून करून दिलेत, आणि रक्त काढायला घरी गेली होती ती माझी हीच मैत्रीण. मी नवऱ्याकडे बघितलं. तो चपलेच्या पट्ट्याशी चाळा करत होता.

ठराव झाला. किल्ली चेअरमनकडे राहील, सभासदांनी मागून न्यावी, बाहेरच्या व्यक्तींना पूर्वपरवानगीशिवाय वर नेऊ नये.

घरी आल्यावर मी नवऱ्याला विचारलं की तुम्ही का बोलला नाहीत. तो म्हणाला, तापलेल्या वातावरणात बोलून काही होत नाही. मग थोड्या वेळाने, जणू माझी समजूत काढावी म्हणून, म्हणाला, "मला काकांनी आधीच सांगितलं होतं. कुलूप लावायच्या आदल्या दिवशी. म्हटलं तुला कशाला सांगून त्रास द्यायचा, आपोआप मिटेल."

म्हणजे हा माणूस आदल्या रात्री माझ्यासमोर बसून वरणभात खात होता तेव्हा त्याला माहीत होतं. मी चेअरमनकडे जाऊन दुर्बिणीच्या बाजूने वकिली करत होते तेव्हाही माहीत होतं की प्रश्न दुर्बिणीचा नाहीच. मी त्याला म्हटलं, "त्रास मला द्यायचा नव्हता, की तुम्हाला घ्यायचा नव्हता?" मी त्याच्याशी आठवडाभर बोलले नाही, आणि बोलायला लागले तेही गॅस सिलिंडर संपला म्हणून.

मैत्रिणीला मी काहीच सांगितलं नव्हतं. काय सांगायचं? पण रमजान संपत आला तेव्हा मी तिला म्हटलं की ईदचा चंद्र तुझ्याकडून बघू, मी दुर्बीण घेऊन येते. ती थोडा वेळ स्लाइडवर रंग सोडत राहिली. मग म्हणाली, "कुलूप लावलं ना?"

तुला कुणी सांगितलं, मी विचारलं. कुणी नाही. त्या संध्याकाळी खाली जाताना लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबली तेव्हा तिथल्या काकू लिफ्टच्या दारात उभ्या होत्या, त्या आत आल्या नाहीत, जिन्याने गेल्या. गुडघे धरून, एकेक पायरी. "तेव्हाच कळलं," ती म्हणाली. तिच्या आवाजात काहीच नव्हतं, जणू आज भाजी महाग झाली म्हणावं. मला त्या शांतपणाचाही राग आला. मी म्हटलं, तुला संताप कसा येत नाही? तिने काचेची पट्टी ट्रेमध्ये ठेवली.

"येतो ना. पण मी दर वेळी संतापले तर घरी जाऊन स्वयंपाक कधी करणार?"

ईदच्या चंद्राच्या संध्याकाळी मी दूध बाजारात गेले. तिची गच्ची छोटी, शेजारच्या गच्चीला चिकटलेली, मधली भिंत कमरेएवढी. मला खुर्ची दिली, खाली गर्दी इतकी की आवाजाचा नुसता गोंगाट वर येत होता. मी दुर्बीण घेऊन पश्चिमेकडे बघितलं. दोन इमारती, त्यांच्यामधली फट, फटीत डिश अँटेना. आम्ही फटीत बघत राहिलो. शेजारच्या गच्चीवरच्या बायकाही आमच्याबरोबर बघायला लागल्या. थोड्या वेळाने भोंग्यावरून जाहीर झालं की चंद्र दिसला. फटाके सुटले, सगळ्यांनी एकमेकींना मिठ्या मारल्या, मलाही मारल्या. आणि तिकडे, अर्ध्या तासाच्या अंतरावर, आमची गच्ची मोकळी होती, पश्चिमेपर्यंत सगळी मोकळी, आणि तिच्यावर कुणीही नव्हतं. मला रडू येईल असं वाटलं, पण ते रडू नव्हतं.

मग मी गुरू दाखवला. तो डोक्यावरच होता, त्याला इमारतींचा अडथळा नव्हता. दुर्बीण भिंतीवरून पलीकडे गेली आणि तासाभराने परत आली. तिच्या आईला कृत्तिका दाखवल्या. आईंना मोतीबिंदू आहे. त्या म्हणाल्या, धुकं दिसतंय. मैत्रीण म्हणाली, तेच तुझं नाव.

एप्रिल-मेमध्ये मी किल्ली मागायला एकदाही गेले नाही. चेअरमनच्या दारात उभं राहून, काका, मी आकाश बघू का, असं विचारायचं? मानेचे व्यायाम मी बाल्कनीत केले. मग पाऊस आला आणि बघण्यासारखं काही राहिलं नाही.

कोजागिरीला सोसायटीने दूध ठेवलं. कुलूप त्या दिवशी सकाळपासून काढलेलं होतं. मी जाणार नव्हते, पण मला बघायचं होतं की ते कसं करतात. गेले. सतरंज्या, चिवड्याच्या प्लेटी, गाण्याच्या भेंड्या. मोठ्या पातेल्यात केशराचं दूध, आणि माझा नवरा पळीने पेले भरत होता. चंद्र छान वर आला होता. त्याच्या शेजारी शनी होता, तो कुणालाच माहीत नव्हता.

चेअरमन माझ्यापर्यंत आले. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "वहिनी, दुर्बीण आणा की. मुलांना चंद्र दाखवा."

मुलं टाळ्या वाजवायला लागली. कुणीतरी म्हणालं, हो हो, आपल्याकडे तज्ज्ञ आहेत. मी उभी राहिले. पौर्णिमेला दुर्बिणीतून चंद्रावर फारसं काही दिसत नाही, सगळा उजेडच असतो, खड्डे बघायचे तर अष्टमीच्या आसपास बघावे लागतात. हे मी आधी सांगितलं, का कोण जाणे. मग म्हटलं, "मार्चमध्ये खाली मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं होतं, आज चंद्र बघायला आल्या, उद्या नमाज पढायला येतील. ते कुणी म्हटलं तेवढं सांगा. मग मी दुर्बीण आणते."

भेंड्या थांबल्या. नवऱ्याच्या हातातली पळी पातेल्यात टेकली. चेअरमन म्हणाले, "सणाच्या दिवशी कशाला, वहिनी?"

"सण होता म्हणूनच ती आली होती."

मला वाटलं होतं की आता पुन्हा सगळे समोर बघतील. पण तिसऱ्या मजल्यावरच्या काकू, खुर्चीत बसल्या होत्या, गुडघ्यांवर शाल, त्या म्हणाल्या, "मी म्हटलं होतं. चुकलं काय त्यात?"

मी त्यांच्याकडे बघितलं. सात महिने मी त्या पाच-सहा जणांपैकी प्रत्येकाचा तो आवाज असेल असं धरून सगळ्यांचा राग करत होते, आणि ती ही बाई, हिच्या घरी मी दर संक्रांतीला हळदीकुंकवाला जाते. मी म्हटलं, "चुकलं. ती तुमच्या वाटेला गेली नव्हती. ती चंद्र बघत होती." काकू म्हणाल्या की त्यांना काय वाटायचं ते वाटतं, त्यांचं वय आहे. मी म्हटलं, "वाटू द्या. कुलूप तुमच्या वाटण्यावर लागलंय, दुर्बिणीवर नाही, एवढं इथे सगळ्यांसमोर झालं ना, बस."

नवरा पुढे आला आणि माझ्या कोपराला हात लावून म्हणाला, चल खाली. मी हात सोडवला. खाली गेले नाही. माझा पेला घेतला, कठड्याशी जाऊन उभी राहिले आणि दूध पूर्ण प्यायले. मागे भेंड्या परत सुरू व्हायला बराच वेळ लागला.

दुसऱ्या दिवसापासून दाराला कुलूप नाही. कुणी काही बोललं नाही, ठराव रद्द झाल्याचा मेसेज आला नाही, माफीचा तर प्रश्नच नाही. कुलूप नुसतं नाहीसं झालं. मी लॅबमध्ये मैत्रिणीला सांगितलं आणि म्हटलं, आता ये. तिने सगळं नीट ऐकून घेतलं, काकूंचं बोलणं दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "तू भांडलीस, मला बरं वाटलं. पण मी नाही येणार गं. त्या परत जिन्याने जातील, आणि मला त्यांच्या गुडघ्यांची काळजी वाटत राहील."

तेव्हा मीच तिच्याकडे जाते. गेल्या शनिवारी शनी दाखवायचा होता. स्कूटर पंक्चर होती म्हणून नवऱ्याने गाडीने सोडलं. दूध बाजाराच्या तोंडाशी गाडी पुढे जाईना, तिथेच उतरले. तो खिडकीतून वाकून म्हणाला, "मी येऊ का वर? मलाही बघायचंय."

कोजागिरीनंतर तो असं काहीबाही म्हणायला लागला आहे. त्याच्या तोंडाकडे बघितलं तर त्याला खरंच यायचं होतं.

"आज नको," मी म्हटलं, आणि दुर्बिणीचा पट्टा गळ्यात अडकवून गल्लीत शिरले.